भूक कमी करणारे इंजेक्शन घेताना

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

भूक कमी करून वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपाटाइड ('मौंजारो') मार्च २०२५मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ('वेगोवी') त्याच वर्षी जूनमध्ये भारतात आले. मार्च २०२६मध्ये सेमाग्लुटाइडचे येथील पेटंट संपले आणि स्वस्त पर्यायांची वाट मोकळी झाली. या काळात सदराकडे या औषधांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ४४ वर्षांची शिक्षिका आहे. उंची १५६ सेंटीमीटर, वजन ७८ किलो. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, थायरॉइडचीही आहे. डॉक्टरांनी आठवड्याला एक घ्यायचे इंजेक्शन सुचवले आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई २००८च्या सुमारास भूक मारण्याच्या गोळ्या घेत असत, पुढे त्या गोळ्यांवर बंदी आली. हे इंजेक्शन त्यातलाच प्रकार नाही ना? आणि थायरॉइड असताना ते चालत नाही असे ऐकले, ते खरे का? (सांगली)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण भूक मारणाऱ्या औषधांचा आजवरचा इतिहास फारसा चांगला नाही. १९६०च्या दशकात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत अ‍ॅमिनोरेक्स नावाचे औषध विकले जात होते. ते घेणाऱ्या काहींच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब जीवघेणा वाढला आणि औषध मागे घ्यावे लागले. १९९७मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन एकत्र घेणाऱ्या २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचे प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात फेनफ्लुरामिन बाजारातून गेले. त्यानंतर आलेल्या रिमोनाबंटने काहींना नैराश्यात आणि आत्महत्येच्या विचारांपर्यंत नेले. आपल्या जाऊबाई घेत असत त्या गोळ्या बहुधा सिब्युट्रामिनच्या असाव्यात. हृदयविकार असलेल्यांत या औषधाने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढते असे दिसल्यावर २०१०मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेले आणि फेब्रुवारी २०११मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली.

यांतली बहुतेक औषधे मेंदूतील उत्तेजक रसायनांना हात घालून भूक मारत, आणि तीच रसायने हृदयावर व रक्तवाहिन्यांवरही काम करत असल्यामुळे तडाखा तेथे बसे. आपल्याला सुचवलेले इंजेक्शन वेगळ्या वाटेने जाते. आपण जेवलो की आतड्याच्या शेवटच्या भागातील पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडतात, जे इन्शुलिनला चालना देते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि 'पुरे झाले' हा निरोप मेंदूपर्यंत पोचवते. शरीरात हे संप्रेरक दोनेक मिनिटांतच निम्मे होते, तर त्याच्या धर्तीवर बनवलेले सेमाग्लुटाइड निम्मे व्हायला साधारण आठवडा घेते, म्हणून ते आठवड्यातून एकदाच टोचावे लागते. टिर्झेपाटाइड याच्या जोडीला आणखी एका संप्रेरकाचे काम करते. हृदयाच्या बाबतीत तर आतापर्यंतचा पुरावा उलट दिशेचा आहे : हृदयविकार आणि जादा वजन असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी केले. म्हणून औषध निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही, परंतु जाऊबाईंच्या गोळ्यांच्या रांगेत त्याला बसवणेही योग्य नाही.

आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ३२ येतो. या औषधांच्या मान्यतेची अट बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक, अथवा २७ किंवा अधिक आणि सोबत रक्तदाब, मधुमेह, झोपेत श्वास अडकणे यांसारखी वजनाशी निगडित एखादी व्याधी, अशी आहे. आपण तिच्यात स्पष्टपणे बसता.

थायरॉइडचा गैरसमज मात्र जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या पत्रात असतो. उंदरांवरील प्रयोगांत या औषधांनी थायरॉइडमधील एका विशिष्ट प्रकारच्या पेशींच्या गाठी झाल्या, त्यामुळे मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग स्वतःला किंवा घराण्यात कोणाला झाला असेल, अथवा एमईएन-२ हा आनुवंशिक विकार असेल, तर हे औषध देत नाहीत. आपल्याकडे 'मला थायरॉइड आहे' असे म्हणताना बहुतेकांच्या मनात असतो तो थायरॉइडचा स्राव कमी पडणे हा आजार, आणि त्याला ही मनाई लागू नाही. वजन उतरू लागले की थायरॉइडच्या गोळीचे प्रमाण बदलावे लागू शकते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. रक्तदाबही उतरतो, तेव्हा उठताना अंधारी येऊ लागली तर ती अशक्तपणाची समजून गप्प न बसता रक्तदाब मोजून डॉक्टरांना कळवावे. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे.

जाता जाता एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. चिठ्ठीच्या औषधाची धास्ती घेऊन 'शंभर टक्के हर्बल' असे छापलेल्या स्लिमिंगच्या पावडरी आणि कॅप्सूल घेणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा मालात चोरून मिसळलेले सिब्युट्रामिन वारंवार पकडले आहे. म्हणजे बंदी आलेले तेच औषध, तेही मात्रेचा पत्ता नसलेले. हे आगीतून फुफाट्यात जाणे आहे.

प्रश्न : माझे वय २६, उंची १५८, वजन ६४. पाच महिन्यांनी लग्न आहे. जिममधील प्रशिक्षक या इंजेक्शनचे पेन मिळवून देतो म्हणतात, 'कमी डोस' असल्याने चिठ्ठी लागत नाही असेही सांगतात. घ्यावे का? (पुणे)

उत्तर : घेऊ नये. आपला बीएमआय २५.६ आहे. भारतीयांसाठीच्या निकषांत २३च्या पुढे जादा वजन आणि २५च्या पुढे स्थूलता मानतात, म्हणून आहार-व्यायामाकडे लक्ष देण्याचे कारण आपल्याला जरूर आहे. मात्र या औषधासाठीची पातळी त्याच्या बरीच वर आहे आणि आपल्याला दुसरी कोणतीही व्याधी नाही. कमी मात्रेला चिठ्ठी लागत नाही हे धादांत खोटे आहे. सुरुवातीची सर्वांत कमी मात्रादेखील चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि ती विकणारी व्यक्ती औषधविक्रेता असावी लागते.

लग्नाच्या संदर्भात आणखी दोन गोष्टी कोणी सांगितल्या नसतील. गर्भारपणात ही औषधे घेत नाहीत आणि दिवस राहण्याचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. शिवाय टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर पुढचे चार आठवडे गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो, त्या काळात निरोधसारखे दुसरे साधन लागते. पाच महिन्यांत उतरवलेले वजन लग्नानंतर औषध थांबताच परतू लागेल, ते वेगळेच.

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय ५८) बारा वर्षांपासून मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन ही औषधे आणि लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी टिर्झेपाटाइडचे २.५ मि.ग्रॅ.चे इंजेक्शन सुरू केले. मळमळते, कुजकट वासाचे ढेकर येतात, जेवण निम्म्यावर आले. एकादशीला सकाळपासून फक्त चहा घेतला, गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या, आणि दुपारी दरदरून घाम फुटून हातापायांना कापरे भरले. साखर घातलेले पाणी दिल्यावर बरे वाटले. इंजेक्शन बंद करावे का? (नाशिक)

उत्तर : आपण साखरेचे पाणी दिलेत ते अगदी योग्य केलेत. परंतु त्या दुपारचा दोष मी इंजेक्शनच्या आधी ग्लिमेपिराइडला देईन. ही गोळी रक्तात साखर कमी आहे की जास्त हे न पाहता स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. यजमान पोटभर जेवत होते तोवर ते निभावले. आता इंजेक्शनने जेवण निम्म्यावर आणले, एकादशीने उरलेले काढून घेतले आणि गोळी मात्र पूर्वीच्या मात्रेतच राहिली. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असताना हे इंजेक्शन सुरू करायचे तर जुन्या औषधाची मात्रा कमी करण्याचा विचार तेव्हाच व्हायला हवा. दोन डॉक्टर वेगवेगळे असले की हा दुवा निसटतो. सगळ्या औषधांची वेष्टने एका पिशवीत घालून आजच दोघांपैकी एकाकडे जा आणि यापुढे मधुमेह व वजन दोन्ही एकाच डॉक्टरांकडे ठेवा. इंजेक्शनचे काय करायचे ते तेथेच ठरू द्या.

तोपर्यंत उपवास नको, आणि पुढेही गोळीचे प्रमाण ठरल्याशिवाय नको. उपवासाचे म्हणून जे खाल्ले जाते त्याकडेही पाहायला हवे. तुपातली, दाण्याच्या कुटाची साबुदाण्याची खिचडी आधीच मंदावलेल्या जठरात तासन् तास पडून राहते, आणि त्या ढेकरांचे व मळमळीचे मूळ बरेचदा अशा स्निग्ध जेवणातच असते. थोडे, कमी तेलाचे, सावकाश खावे आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळताच हात धुवावा. आई-आजींच्या आग्रहाचा एक जास्तीचा घास या औषधावर असलेल्या माणसाला रात्रभर जागवतो. पुन्हा कापरे भरले तर ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ती ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी, आणि सावरल्यावर काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे.

उलट्या किंवा जुलाब दिवसभर चालू राहिले तर प्रश्न साखरेपुरता राहत नाही. लघवी वाढवणारी गोळी आणि पोटात न टिकणारे पाणी मिळून मूत्रपिंडांवर ताण आणतात, म्हणून अशा दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणती गोळी थांबवायची ते विचारावे आणि अंगदुखीसाठी घरातली वेदनाशामक गोळी देऊ नये. पोटाच्या वरच्या भागात तीव्र, न थांबणारी, पाठीपर्यंत जाणारी कळ ही स्वादुपिंडाच्या सुजेची खूण असू शकते, तर उजव्या बरगडीखाली दुखून ताप येणे किंवा डोळे पिवळे होणे हे पित्ताशयाचे दुखणे असू शकते. यांपैकी काहीही झाले तर पुढचे इंजेक्शन न घेता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली तरीही तसेच. असे क्वचितच घडते, पण थांबून पाहण्यासारखे ते नाही. बारा वर्षांचा मधुमेह असल्याने डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालेली नसेल तर ती आताच करून घ्या, कारण साखर झपाट्याने उतरली की पडद्याचा जुना विकार काही काळ बळावू शकतो.

राहिली मळमळ. २.५ ही शरीराला सवय लावण्याची मात्रा आहे, ती चार आठवडे देऊन मग ५ करतात, आणि पुढची प्रत्येक वाढही किमान चार आठवड्यांनी होते. 'किमान' हा शब्द रुग्ण विसरतात. मळमळ थांबलेली नसताना केवळ कॅलेंडर पाहून मात्रा वाढवण्याची घाई करू नये. त्याच मात्रेवर आणखी महिनाभर थांबल्याने काही बिघडत नाही.

प्रश्न : चार महिन्यांत ११ किलो वजन उतरले, आता ६६ आहे. आनंद आहे, पण केस मुठीने गळतात आणि स्टेशनचा पूल चढताना मांड्या भरून येतात. दिवसभर भूकच लागत नाही, त्यामुळे सकाळी चहा-बिस्किट आणि रात्री वरण-भात एवढेच होते. मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. (डोंबिवली)

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. आजवर काय आणि केव्हा खायचे याची आठवण भूक करून देत होती. आता ती गप्प आहे, तेव्हा वेळ आणि ताट दोन्ही आपल्याला ठरवावी लागतील. औषध काम करते आहे, पण कमी खाणे आणि उपाशी राहणे यांतला फरक औषधाला कळत नाही.

उतरलेल्या वजनात सगळी चरबी नसते. काही अभ्यासांत चरबीविरहित भागाचा, म्हणजे मुख्यतः स्नायूंचा, वाटा पावापासून ४० टक्क्यांपर्यंत आढळला आहे, आणि पुलावर भरून येणाऱ्या मांड्या तेच सांगत असाव्यात. आपल्या वजनाला दिवसाला साधारण ६५ ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्यावा). चहा-बिस्किट आणि वरण-भातातून त्याचा चौथा हिस्सादेखील होत नसेल. शाकाहारात हे जमते, पण आपोआप जमत नाही. शंभर ग्रॅम पनीर सुमारे १८ ग्रॅम देते, कोरडे सोया चंक्स ३० ग्रॅम भिजवले तर १५, मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ एक वाटी सात-आठ, एक पेला दूध सहा-सात आणि वाटीभर दही चार-पाच. एका दिवसात पनीर, सोया, दोन वाट्या उसळ, दूध आणि दही असे घडले तर साठपर्यंत पोचता येते, उरलेले भाकरीतून आणि दाण्यांतून येते. एवढे एकदम खाल्ले जाणार नाही, म्हणून भूक असो वा नसो, चार ठरावीक वेळी लहान वाटी घेऊन बसावे. ताटात पहिला घास उसळीचा किंवा पनीरचा असावा आणि भात शेवटी. पोट मध्येच भरले तर भात राहिलेला चालेल. वरण मात्र पातळ असते तेव्हा त्यात डाळ किती आणि पाणी किती, हे स्वयंपाक करणाऱ्यालाच ठाऊक.

आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर लावणारा व्यायाम हवा, केवळ चालणे पुरत नाही. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा-बारा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे एवढ्यापासून सुरुवात करावी.

वजन झपाट्याने उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळणे सर्रास आढळते आणि वजन स्थिरावल्यावर काही महिन्यांत ते बहुधा भरून येतात. तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२ आणि टीएसएच करून घ्यावे. शाकाहारी स्त्रियांत पहिली तिन्ही अनेकदा आधीपासूनच कमी असतात, आणि त्याचे खापर उगाच इंजेक्शनवर फुटते.

प्रश्न : एक आठवड्याचे इंजेक्शन विसरले तर दोन एकदम घ्यावीत का? एसटीच्या प्रवासात पेन कसे न्यावे? (रत्नागिरी)

उत्तर : दोन एकदम कधीच घेऊ नयेत. टिर्झेपाटाइड चार दिवसांच्या आत आठवले तर घ्यावे, नाहीतर ते सोडून ठरलेल्या वारी पुढचे घ्यावे. सेमाग्लुटाइडसाठी आपल्या वेष्टनातील माहितीपत्रक पाहावे. लागोपाठ दोन-तीन आठवडे चुकले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुन्या मोठ्या मात्रेवर येऊ नये, उलट्यांनी हैराण व्हाल. पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात, परंतु बर्फाच्या कप्प्याला टेकवून नाही, कारण गोठलेले औषध फेकूनच द्यावे लागते. वापरात असलेले पेन बाहेर किती दिवस चालते ते प्रत्येक कंपनीच्या पत्रकात असते. प्रवासात बर्फाच्या पाऊचला थेट न लावता टॉवेलात गुंडाळून थर्मासच्या डब्यात न्यावे आणि मे महिन्यात मोटारीत विसरून उतरू नये.

प्रश्न : वय ५१. दहा महिन्यांत १४ किलो उतरले. खर्च परवडत नाही म्हणून बंद करायचा विचार आहे. ओळखीचे एकजण परदेशातून स्वस्त कुप्या मागवून देतात, तो मार्ग कसा? पुढच्या महिन्यात हर्नियाचे ऑपरेशनही ठरले आहे. (मडगाव)

उत्तर : कुप्यांचा मार्ग सोडा. जून २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता. तो माल ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत, म्हणजे तपासणी कडक असलेल्या देशांतही, शिरला होता. कुपीतले औषध सुईने स्वतः मोजून भरताना दहापट मात्रा घेतली जाण्याचा धोका निराळा. परवडण्याचाच प्रश्न असेल तर डॉक्टरांना तो उघडपणे सांगावा. सेमाग्लुटाइडचा स्वस्त पर्याय, वजन राखायला पुरेल अशी कमी मात्रा, असे मार्ग त्यांच्याकडे असतात. औषध घ्यायचे ते बिल देणाऱ्या दुकानातून, वेष्टनावरचा बॅच क्रमांक व मुदत पाहून आणि फ्रीजमधून काढून दिलेले.

बंद करण्याबद्दल स्पष्ट सांगतो. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले होते. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यांच्या उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. यात इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, औषधाचा अंमल ओसरला की भूक पूर्ववत होते. सवय लागणारे हे औषध नसल्याने थांबवल्यास अंगाला त्रास होत नाही, पण थांबवायचेच तर ऐन दिवाळीच्या तोंडावर नको, व्यायामाची घडी बसल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावे. नंतर दर आठवड्याला एकाच वारी वजन करावे आणि तीन किलो वाढताच भेटीला जावे, दहा वाढण्याची वाट पाहू नये. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या मधल्या काळात कमी झाल्या असतील, तर त्या पुन्हा वाढवाव्या लागतील.

ऑपरेशनचे मात्र आजच सांगून ठेवा. या औषधाने जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे आदल्या रात्रीपासून उपाशी असलेल्या माणसाच्या पोटातही अन्न उरू शकते आणि भूल देताना ते वर येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. शेवटचे इंजेक्शन कोणत्या तारखेला, किती मात्रेचे घेतले आणि सध्या मळमळ किंवा पोटफुगी आहे का, हे सर्जनबरोबर भूलतज्ज्ञांनाही सांगावे. इंजेक्शन किती दिवस आधी थांबवायचे, आदल्या दिवशी केवळ पातळ आहार घ्यायचा का, हे ते ठरवतील. रुग्णालयाच्या अर्जात 'चालू औषधे' या रकान्यात लोक गोळ्या लिहितात आणि आठवड्याचे इंजेक्शन गाळतात. आपण ते सर्वांत वर लिहा.